खंभातच्या आखातात बुडालेले प्राचीन नगर सापडले होते, मग ते दडपले का गेले?

ते दडपले गेलेले नाही. २००१ साली त्या वेळचे केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी स्वतः ते जाहीर केले होते आणि देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी ते छापले होते. पुरातत्त्वज्ञांनी ते स्वीकारले नाही, कारण दाखवलेला पुरावा दाव्याच्या मानाने अपुरा होता. ‘दडपले’ या आरोपाचा मला मनापासून राग येतो, कारण याच धर्तीचा आरोप माझ्या नात्यातल्या माणसाने माझ्यावर, माझ्यासमोर केलेला आहे.

माझी सगळी नोकरी मुंबईहून निघणाऱ्या सर्वेक्षण बोटींवर गेली. खंभातच्या दाव्याचा मुख्य आधार साइड स्कॅन सोनारची चित्रे हा होता आणि तेच यंत्र मी चालवत असे. बोटीमागे दोराने ओढलेला फिश, म्हणजे त्या यंत्राचा पाण्यातला लांबट भाग, दोन्ही बाजूंना ध्वनीचे स्पंद सोडतो. तळावरून परतलेल्या प्रतिध्वनीची जोरकस जागा गडद उमटते आणि उंचवट्यामागे सावली पडते. ते छायाचित्र नव्हे, हे ज्याला कळले नाही त्याला त्यात हवे ते दिसते.

एकदा आम्ही प्रॉन्ग्ज दीपस्तंभाच्या पश्चिमेला पाइपलाइनच्या मार्गाचे सर्वेक्षण करत होतो. रात्रपाळी होती, समुद्राला थोडी हालचाल होती आणि यंत्रातून कागद सरकत बाहेर येत होता. अचानक त्यावर चौकोनांची रांग उमटू लागली, सारख्या अंतराची, खोल्यांच्या पायासारखी, आणि तिच्या शेजारी एक लांब, सरळ, गडद रेघ, मागे स्वच्छ सावली असलेली. कंपनीचा तरुण इंजिनियर माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता; त्याने तिथल्या तिथे ‘भिंत’ हा शब्द उच्चारला. आमचे प्रमुख मालवणकडचे, अतिशय मितभाषी गृहस्थ. त्यांनी कागदाकडे एकदा पाहिले आणि सारंगाला सांगितले, “आता आडवी लाइन मार.”

बोट काटकोनात वळवून आम्ही त्याच जागेवरून पुन्हा गेलो. चौकोन पुन्हा आले, मात्र तेही बोटीबरोबर वळले होते आणि नव्या दिशेला समांतर उभे होते. तळावरची वस्तू असे करत नाही. प्रमुखांनी बोटीचा स्वतःचा एको साउंडर (ध्वनीने खोली मोजणारे यंत्र) बंद करायला लावला आणि चौकोन त्या क्षणी नाहीसे झाले. एका यंत्राचा आवाज दुसऱ्याच्या कागदावर उमटत होता. ती लांब रेघ मात्र हलली नाही. पलीकडच्या बाजूने गेल्यावर तिची सावली उलट दिशेला पडली, म्हणजे तेथे खरोखर काहीतरी उभे होते. पुढच्या ओहोटीच्या शेवटी, प्रवाह थांबलेला असताना, पाणबुड्या उतरला आणि हातोडीने फोडलेला तुकडा घेऊन वर आला. काळा, जड, सपाट पैलूंचा बेसाल्ट होता, कडा जवळजवळ काटकोनी. जुन्या खडकातल्या भेगेत लाव्हा शिरून थिजला की अशी डाइक तयार होते. भोवतालचा मऊ भाग झिजला की ती बांधलेल्या तटासारखी उरते. खडकाला सरळ रेषा येत नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी अंधेरीचा गिल्बर्ट हिल, बेसाल्टच्या सरळ उभ्या खांबांचा तो कडा, पाहून यावे. जपानमधील योनागुनीच्या पाण्याखालच्या पायऱ्यांचा वाद असाच आहे आणि तेथे रॉबर्ट शॉक या भूवैज्ञानिकाचे म्हणणे, की त्या वालुकाश्माच्या नैसर्गिक भेगा आहेत, मला पटते.

२००१ च्या गणपतीत गिरगावात भावोजींकडे (माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान) मी हे सगळे सांगितले. त्यांनी खंभातच्या बातम्यांची कात्रणे जपून ठेवली होती. माझे बोलणे संपल्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, “तुम्हा लोकांना आपल्या पूर्वजांचा अभिमानच नाही.” ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. पूर्वजांच्या नावावर न तपासलेली वस्तू खपवणे यात अभिमान कोठे आहे? लोथलची गोदी त्याच आखाताच्या परिसरात आहे आणि ती थरांसकट, विटांसकट उत्खननातून निघाली आहे. अभिमानाला तेवढे पुरेसे आहे.

खंभातमध्ये असे उत्खनन झाले नाही. तेथे भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो, पाणी गढूळ असते आणि प्रवाह असा की पाणबुड्याला स्थिर राहता येत नाही. त्यामुळे तीस-चाळीस मीटर खोलीवरच्या तळावरून वस्तू खरवडून काढल्या गेल्या. त्यात लाकडाचा एक तुकडा होता, त्याचे वय कार्बन पद्धतीने सुमारे साडेनऊ हजार वर्षे निघाले. ते झाडाचे वय झाले, नगराचे नव्हे. नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या त्या आखातात काय काय आणून टाकत असतील! पावसाळ्यात दादरच्या चौपाटीवर येऊन पडलेल्या वस्तूंवरून दादरमध्ये कोण राहते हे कोणी ठरवत नाही.

बुडालेली नगरे असतात, हे कोणीही नाकारत नाही. ग्रीसमधील पाव्हलोपेत्री निकोलस फ्लेमिंग यांना १९६७ मध्ये तीन-चार मीटर पाण्यात सापडले. तेथे रस्ते, घरे आणि थडगी जागच्या जागी मोजता येतात. इजिप्तच्या अबूकीर उपसागरात फ्रँक गोदिओ यांच्या चमूला थोनिस-हेराक्लिऑन सापडले आणि तेथल्या शिलालेखात नगराचे नावच कोरलेले निघाले. आपल्या मुंबईतही १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना चिखलाखाली खैराची शेकडो झाडे निघाली, त्यांतली कित्येक मुळांसकट उभी. उभे खोड वाहून येत नाही, म्हणून ते बुडालेले जंगल कोणीही वाद न घालता मान्य केले. भावोजींना मी हे सांगितले तेव्हा त्यांना त्यात रस वाटला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

दोन गोष्टी मात्र नोंदवायला हव्यात. द्वारकेचे प्रकरण खंभातपेक्षा वेगळे आहे. पुरातत्त्वज्ञ शि. रं. राव यांच्या चमूने १९८३ पासून तेथे पाण्याखाली केलेल्या कामात घडवलेले दगड आणि जहाजांचे दगडी नांगर खरोखर मिळाले. वाद त्यांच्या काळाचा आहे, कारण तीन भोकांचे तसे नांगर मध्ययुगापर्यंत वापरात होते. शिवाय हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता, म्हणजे खंभातचे आखात कोरडी जमीन होती आणि तेथे माणसे वावरली असण्याची शक्यता पुरेपूर आहे. त्यासाठी तळात नळ्या उतरवून गाळाचे अखंड नमुने काढावेत, एकाच थरात चूल, राख आणि हत्यार एकत्र मिळते का ते पाहावे आणि तो थर दुसऱ्या प्रयोगशाळेलाही तपासू द्यावा. तसे झाले तर भावोजींना पहिला फोन मी करीन.