डीएनएआर असलेल्या पेशंटला सीटीच्या टेबलावर रिॲक्शन आली तर

तुमचा प्रश्न असा: वॉर्डातून आलेल्या कॅन्सरच्या पेशंटच्या फाईलमध्ये डीएनएआर ('डू नॉट अटेम्प्ट रिससिटेशन') आदेश आहे. कॉन्ट्रास्ट (स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून टोचायचं औषध) दिल्यावर अंगभर गांधी उठल्या, बीपी कोसळलं. आता उपचार करायचे की नाहीत?

करायचे, आणि तत्काळ. डीएनएआर म्हणजे हृदय किंवा श्वास थांबल्यावर सीपीआर (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवण्याचे प्रयत्न) नको, एवढंच. बाकीचे उपचार त्याने थांबत नाहीत, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या सूचनांतही आहे. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (अशा जीवघेण्या ॲलर्जीत) नाडी अजून चालू असते. कॉन्ट्रास्ट सोडणारा इंजेक्टर बंद करा, १:१००० ॲड्रिनलिन ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्या, मास्कने ऑक्सिजन, पाय वर, सलाईन जोरात. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस. 'डीएनएआरच आहे ना' म्हणून इथे हात आखडणं म्हणजे पेशंटने कधीच न मागितलेलं मरण त्याच्यावर लादणं.

खरा पेच पुढचा आहे: रिॲक्शनने हृदयच थांबलं तर? डीएनएआरला होकार देताना पेशंटसमोर त्याचा आजार होता, आपण टोचलेलं औषध नव्हतं. म्हणून कॉन्ट्रास्टची संमती घेतानाच विचारायचं, 'तपासणीमुळे हृदय थांबलं तर प्रयत्न करायचे का?' भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी असंच पुन्हा बोलतात. डीएनएआर आपोआप रद्द झाला असं धरत नाहीत. उत्तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून सही करायची. ते टेक्निशियनच्या गळ्यात मारू नये. डीएनएआर तपासणीपुरता स्थगित केला असेल तर पुन्हा केव्हा लागू होणार, तेही लिहा.

गडबड बहुतेकदा फाईलमुळे होते. पेशंट वॉर्डबॉयबरोबर खाली येतो, फाईल वॉर्डातच राहते. सीटीच्या मागणीपत्रावरच डीएनएआरचा रकाना हवा. कागद नाही, नातेवाईक फक्त तोंडी सांगताहेत, अशा वेळी सीपीआर सुरू करा. कागद हातात आला की वरिष्ठ डॉक्टर थांबवू शकतात. कुणी लिव्हिंग विल (शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र) पुढे केलं तर तो डीएनएआर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सुधारित प्रक्रियेत त्यावर दोन वैद्यकीय मंडळं बसतात, टेबलापाशी ते अमलात येत नाही.

एमआरआयमध्ये डीएनएआर असो वा नसो, आधी पेशंटला चुंबकाच्या खोलीबाहेर काढा. साधा ऑक्सिजन सिलिंडर आत नेल्याने २०१८ मध्ये मुंबईत एकाचा जीव गेला आहे. क्वेंचचं (चुंबकशक्ती तातडीने घालवण्याचं) बटण दाबूनही चुंबक क्षणात शांत होत नाही. सीपीआर करायचा नसेल तरी पेशंटला यंत्रात तसंच पडू देऊ नका. बाहेर आणा, पडदा ओढा, घरच्यांना जवळ बसू द्या.