म्युनिक ते बर्लिन: विमान घ्यावं की ट्रेन, आणि बानकार्ड कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: नोकरी म्युनिकला, तिथल्याच पासिंग भागात भाड्याची खोली, बायको आणि मुख्य घर बर्लिनला, मुख्य स्टेशनजवळच्या मोआबिट भागात. एक आड एक वीकेंडला घरी जायचं. विमानाला 1 तास 10 मिनिटं, ट्रेनला 4 तास, तर चार पैसे जास्त देऊन विमानानेच जावं का? आणि ट्रेनच घ्यायची तर 244 युरोचं बानकार्ड 50 (जर्मन रेल्वेचं वर्षभराचं सवलत कार्ड) घेऊ का?

अहो, तो 1 तास 10 मिनिटं फक्त हवेतला झाला. पासिंगहून एस-बानने (लोकल ट्रेनने) एअरपोर्टला जायलाच पाऊण तासाच्या वर लागतो, तासभर आधी पोचायचं, सिक्युरिटीला लोणच्याची बरणी काढून घेतली तर ती वेगळीच, आणि बर्लिनचा एअरपोर्ट गावाबाहेर शोनेफेल्डला, तिथून परत अर्धा तास. बेरीज करा, साडेतीन तास इथेच गेले, उतरून बाहेर पडायचा आणि गाडीची वाट बघायचा वेळ धरला की चार तास होतातच. 2017 च्या डिसेंबरपासून नवा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि स्प्रिंटर आयसीई (कमी थांब्यांची वेगवान गाडी) चारेक तासांत मोआबिटच्या उंबऱ्यावरच उतरवते, लॅपटॉपवर काम होतं ते वर. म्हणजे जास्तीच्या पैशात वेळ काही विकत मिळत नाहीये.

आता खरी गंमत टॅक्समध्ये आहे. तुमची केस डबल हाउसहोल्डमध्ये, म्हणजे नोकरीसाठी दुसरं घर ठेवण्याच्या टॅक्स नियमात, बसत असेल (स्टॉयरबेराटरला, म्हणजे टॅक्स सल्लागाराला, एकदा विचाराच) तर आठवड्यातून एका घरफेरीला अंतरावर ठरलेल्या दराने वजावट मिळते, तिकीट कितीचं का असेना. हवाई अंतर 500 किमी आहे पण इथे रस्त्याचं धरतात, साधारण 585, एकाच बाजूचं, म्हणजे दर फेरीला 220 युरोच्या आसपास उत्पन्नातून वजा. टॅक्सचा रेट 35 टक्के धरला तर 77 युरो वाचले. विमानाने गेलात तर हे अंतराचं गणित लागूच होत नाही, फक्त तिकिटाचा खरा खर्च वजा.

बानकार्ड 50 मात्र मला पटत नाही. लवकर बुक केलेल्या श्पारप्राइसवर (ठरावीक गाडीच्या स्वस्त तिकिटावर) 50 वालं कार्डसुद्धा 25 टक्केच सूट देतं, आणि तेवढी तर 63 युरोच्या बानकार्ड 25 वरही मिळते! 50 चा फायदा फक्त फ्लेक्सप्राइसवर, म्हणजे कुठल्याही गाडीला चालणाऱ्या पूर्ण दराच्या तिकिटावर. फ्लेक्सचं एकीकडचं तिकीट दीडशे धरलं तर वर्षाला निदान पाच तरी काढली पाहिजेत, तेव्हा कुठे वरचे 181 युरो वसूल होणार, आणि तुमच्या तारखा तर आधीच ठरलेल्या असतात.

लेट होतात हे खरंय, 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या जेमतेम 62 टक्के वेळेवर होत्या, म्हणून रविवारची शेवटची गाडी धरू नका. तासभर उशीर झाला तर 25 टक्के, दोन तासांना 50 टक्के परत मिळतात, तो क्लेम आळस न करता टाका.

तर बानकार्ड 25 घ्या. फक्त ते आपोआप रिन्यू होतं आणि मुदतीच्या चार आठवडे आधी कळवावं लागतं, तेव्हा घेतल्याच दिवशी कॅन्सलेशन टाकून ठेवा, कार्ड वर्षभर चालतंच.