विमानातील अस्वच्छतेची तक्रार करणारे प्रवासी पुन्हा त्याच कंपनीने प्रवास का करतात?

कारण तिकीट काढताना स्वच्छता हा निकष क्वचितच लावला जातो. भाडे, सुटण्याची वेळ आणि थेट उड्डाण या तीन गोष्टींवर निवड होऊन जाते. शिवाय आपल्याकडे पर्यायही फारसे उरलेले नाहीत. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्ट मे 2023 मध्ये बंद पडल्यानंतर देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी एकट्या इंडिगोकडे गेले. लहान शहरांतून तर सोयीच्या वेळेचे एकच विमान असते, त्यामुळे ज्याला आपण निष्ठा म्हणतो ती पुष्कळदा नाइलाजाची असते.

अस्वच्छतेचे मूळ वेळापत्रकात आहे. स्वस्त भाड्याचे गणित विमान दिवसभर उडत राहण्यावर अवलंबून असल्याने दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यात प्रवासी उतरणे, इंधन भरणे, सामान चढवणे हे सगळे उरकायचे असते आणि केबिनमधला कचरा अनेकदा हवाई सेविकाच गोळा करतात. समोरचा ट्रे, आसनामागचा कप्पा आणि पट्ट्याचे बक्कल नीट पुसायला वेळच राहत नाही, सखोल सफाई बहुधा रात्रीच्या मुक्कामी होते. म्हणून सकाळचे पहिले विमान सहसा अधिक स्वच्छ मिळते.

तरीही तक्रार अवश्य करावी, आणि ती आसन क्रमांक व छायाचित्रासह लेखी करावी. लहान मुले घेऊन प्रवास करणाऱ्यांना स्वच्छ आसन मिळणे ही चैन नव्हे, तो तिकिटात धरलेला हक्क आहे.