चोरबाजारातल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचा रिव्ह्यू लिहिताना

मित्रा, खोक्यावरच्या 1.3 मेगापिक्सेलवर जाऊ नकोस. असल्या स्वस्त कॅमेऱ्यांत सेन्सर (चित्र टिपणारी चिप) बहुधा 640×480 चा, म्हणजे जेमतेम 0.3 मेगापिक्सेलचा असतो. बाकीचा आकडा सॉफ्टवेअरने ताणलेला. फोटो पूर्ण आकारात उघड, दुकानाच्या पाटीवरची अक्षरं फुटलेली दिसतील.

आणि सेल काढायच्या आधी फोटो कॉम्प्युटरवर घेच! कार्ड नसलेल्या बऱ्याच मॉडेलांत फोटो रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत राहतात, सेल निघाले की सगळं साफ.

भर दुपारी मरीन ड्राइव्हवर फोटो काढ, मग रात्री लोकलच्या डब्यात. तिथे हललेली माणसं नुसते फराटे होऊन येतात. हे सगळं लिही, पण ‘भंगार’ म्हणून मोकळा होऊ नकोस. कितीतरी घरांना पहिला डिजिटल कॅमेरा असलाच परवडला. नमुन्याचे फोटो एडिट न करता जोड.