'विधवाविवाहोत्तेजक'मधला 'उत्तेजक' कुठला?

प्रश्न असा: महर्षी कर्व्यांच्या संस्थेचं नाव 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' असं वाचलं. त्यातलं 'उत्तेजक' खटकतं. छापताना काही चुकलंय का?

चुकलेलं नाही. खेळाडूंच्या चाचणीत सापडणारी उत्तेजकं आपल्या डोक्यात इतकी बसलीत, की शब्दाची साधी बाजू दिसेनाशी झालीय. मूळ धातू 'तिज्', म्हणजे धार लावणे. 'तेज' आणि 'तीक्ष्ण' त्याच घरातले. उत्तेजन म्हणजे हुरूप देणं. पहिले तीन नंबर हुकले की पदरात पडतं ते 'उत्तेजनार्थ' बक्षीस, त्यात हा अर्थ अजून धडधाकट आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला भरवते तीही वक्तृत्वोत्तेजक सभाच.

विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने १८६६ साली निघालेल्या मंडळीच्या नावातही 'उत्तेजक' होता. कर्व्यांनी १८९३मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या विधवा विद्यार्थिनीशी लग्न केलं आणि त्याच साली मंडळी काढली. नावासाठी हा रुळलेला शब्द तयारच होता.

खरी गंमत पुढे आहे. १८९५ साली नाव बदलून झालं 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी'. (एका दमात म्हणून बघा. 'प्रतिबंध'पाशी दम संपला तर अर्थ नेमका उलटा!) विधवांचा विवाह, त्याला होणारा प्रतिबंध, त्याचं निवारण करणारी. 'प्रतिबंध' इथे अडथळा या अर्थी आहे, हल्लीच्या रोगप्रतिबंधक लशीतला नव्हे.

मला हा बदल नुसता शब्दांचा वाटत नाही. 'उत्तेजक'मध्ये विधवेला 'लग्न कर' असा आग्रह ऐकू येतो. 'प्रतिबंधनिवारक' म्हणतं, जिला करायचंय तिची वाट अडवू नका. कायद्याने तर १८५६ सालीच वाट मोकळी केली होती. अडवणारे होते भाऊबंद आणि गाव. खुद्द कर्व्यांना मुरूडकरांनी वाळीत टाकलं होतं.

'मंडळी' म्हणजे इथे संस्था, नाटक मंडळीतल्यासारखी. 'आमच्या मंडळींना विचारतो' म्हणणाऱ्यांची मंडळी वेगळी.

आणि हे लांबलचक समास सगळ्या समाजाला लागत नव्हते. अनेक जातींत विधवेचं दुसरं लग्न रूढीनेच होत असे आणि त्याला दोन अक्षरी नाव होतं, पाट. कुठे मोहतूर म्हणत. संस्कृत जोडशब्दांची गरज पडली ती ज्यांच्याकडे पाट लावायची चालच नव्हती त्यांना.