नवं पिल्लू आलं आणि जुनीनं जेवण सोडलं

पाऊस लागला की एक फोन मला हमखास येतो. कधी दापोलीहून, कधी गुहागरहून, कधी मालवणहून. माणसं वेगळी, गाऱ्हाणं एकच. "मॅडम, पिल्लू पागोळ्यांखाली कुडकुडत होतं, म्हणून आत घेतलं. आता आमची जुनी मांजर त्याला बघितलं की अंगावर धावते. एवढी लाडाची, आणि एवढी मत्सरी कशी?"

माझं मूळ काम कुटुंबांचं. पण घरातली मांजरं-कुत्रीही कुटुंबातच मोडतात, त्यामुळे हळूहळू त्यांच्या वागण्याबद्दलही लोक विचारायला लागले. आता तर जनावरांचे डॉक्टरच सांगतात, "इथे औषधाचं काम नाही, त्या बाईंना भेटा." याचं मला थोडं कौतुक वाटतं, खोटं कशाला बोलू?

तर सुजाताताईंची गोष्ट सांगते. नाव बदललंय. देवगड तालुक्यातलं जुनं कौलारू घर. त्या शाळेत शिक्षिका, नवरा मुंबईला, घरात सासूबाई आणि सात वर्षांची मनी. जूनमध्ये शाळेच्या वाटेवर चारेक महिन्यांचा एक तांबूस बोका सापडला. त्याचं नाव सोन्या.

"दोघांची गाठ कधी घालून दिलीत?" मी विचारलं.

"त्याच संध्याकाळी. म्हटलं, एकदाची ओळख होऊन जाऊ दे. सोन्याला उचलून तिच्या तोंडापाशी धरलं."

"मग?"

"ती फिसकारली. मी तिला रागावले. तेव्हापासून ती माझ्याकडेही येत नाही."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "मी तेवाच सांगितलंय, ह्या घर मनीचा. पण माजा आयकता कोण?"

सासूबाईंचं बरोबर होतं. मांजर आपलं घर डोळ्यांच्या आधी नाकानं ओळखतं. गाल, हनुवटी, कपाळ दाराच्या चौकटीला घासत फिरतं ते लाडानं नव्हे, आपला वास तिथे लावून ठेवायला. अशा घरात एकाएकी परका वास शिरला, आणि तोही ज्या हातानं आपल्याला दूध-भात मिळतो त्याच हातातून, तर मनीनं दुसरं करायचं काय? शिवाय कुत्र्याचे पूर्वज कळपातले, मांजराचे एकट्यानं शिकार करणारे. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं ९,५०० वर्षांपूर्वीचं मांजर सापडलंय. म्हणजे आपली सोबत जुनी आहे, पण उंदीर काही वाटून खाता येत नाही, त्यामुळे मूळचा एकटेपणा त्यांच्यात टिकून राहिला. मत्सर वगैरे आपण आपल्या पदरचं घालतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे दार लावणं. सोन्याची रवानगी बाळंतिणीच्या खोलीत झाली. त्याचं खाणं, पाणी, वाळूचं घमेलं, सगळं तिथेच. निदान दोन आठवडे. यात आरोग्याचाही भाग आहे. बाहेरून आलेल्या पिल्लाबरोबर पॅनल्युकोपेनियासारखा जीवघेणा आजार घरात येऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरकडे तपासणी आणि लस, मग बाकीचं. दरम्यान एका जुन्या पंचानं सोन्याचे गाल पुसायचे आणि तो पंचा मनीच्या जेवणाच्या जागेपासून थोडा लांब टाकायचा. मनीचा पंचा सोन्याकडे. तिनं हुंगून पाठ फिरवली तरी उत्तम, पाठ फिरवणं म्हणजे फिसकारणं नव्हे. पुढे बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची ताटली. जेवता जेवता पलीकडच्याचा वास येऊ द्यायचा. मग दार बोटभर उघडं, मग मध्ये जाळी. ताटली पुढे सरकवायची ती रोज वीतभर, आणि कुणी खायचं थांबलं तर मुकाट्यानं मागे घ्यायची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सुजाताताईंनी सुका बांगडा द्यायचं ठरवलं होतं. तो मी थांबवला. मीठ फार असतं. उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे पुरेसे.

हे सगळं नीट पार पडलं. जाळी निघाली. फिसकारणं नाही, झोंबाझोंबी नाही. सुजाताताई खूश. आणि आठवड्याभरानं पुन्हा फोन.

"मॅडम, मनी जेवत नाही. ताटलीपाशी येते, हुंगते आणि जाते. काल पाहुण्यांच्या गादीवर मुतली. सात वर्षांत कधी नाही हो! आणि भांडण तर मुळीच नाही दोघांत."

गादीवर मुतलं की आधी डॉक्टर, मग मी, हा माझा नियम. लघवीला त्रास होत असेल तर कितीही समजूत घालून उपयोग नाही. बोका वारंवार बसतोय आणि थेंब पडत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तसेच उठा. मनीची तपासणी झाली, काही निघालं नाही.

मग मी सुजाताताईंना वहीचं पान घ्यायला सांगितलं. "घराचा नकाशा काढा. सोन्या यायच्या आधी मनी सकाळी कुठे, दुपारी कुठे, संध्याकाळी कुठे, ते त्यावर मांडा."

त्यांनी ओटी काढली, माजघर, देवखोली, स्वयंपाकघर, मागची पडवी. सकाळी ओटीवरच्या खिडकीत. संध्याकाळी चुलीशी. दुपारपाशी पेन अडलं. "दुपारी मी शाळेत असते, मला कसं कळणार?"

"काकींना विचारा ना."

सासूबाईंना विचार करावा लागला नाही. "दुपारची माळ्यार जाय ती, नारळांच्या राशीवांगडा निजाक. आता जातली खंय? जिन्यार तो बसलेलो आसता."

"जिन्यावर? तो तिथे का बसतो?"

सुजाताताई हळूच म्हणाल्या, "त्याची ताटली आहे तिथे. खाली मुंग्या लागतात म्हणून मी तिसऱ्या पायरीवर ठेवते."

मी तो नकाशा अजून जपून ठेवलाय. माळ्यावर जायचा एकच रस्ता, माजघरातला तो अरुंद लाकडी जिना, आणि त्यावर दिवसभर सोन्याचं ठाण. तो काही करत नव्हता. नुसता बसून बघत होता. आपल्याला भांडण म्हणजे आरडाओरडा वाटतो. मांजरांची खरी लढाई पुष्कळदा अशी बिनआवाजाची असते. एकानं वाट अडवून टक लावून बसायचं, दुसऱ्यानं दाराशी थबकून माघारी फिरायचं. घरातल्यांना वाटतं, छान जमलं. फिसकारणारी मांजर मला तेवढी काळजीची वाटत नाही, ती निदान बोलते तरी. न बोलता जागा सोडत जाणाऱ्या मांजराकडे आधी बघा.

पॉल लायहाउझेन नावाच्या जर्मन अभ्यासकानं मांजरांवर आयुष्य घालवलं. एकाच परिसरातली मांजरं एकच वाट वेगवेगळ्या वेळी वापरतात आणि समोरासमोर येणं टाळतात, हे त्यांचं निरीक्षण. मी त्यांच्याच पंथातली. मैत्री लावून द्यायच्या फंदात मी पडत नाही. सामायिक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लावतात तशा वाटा आणि वेळा लावून द्यायच्या.

ताटली त्याच दिवशी खाली आली. मुंग्यांसाठी परातीत पाणी, पाण्यात ताटली. माळ्याला दुसरी वाट हवी होती. सासूबाईंनी गड्याकडून पडवीतल्या भिंतीला तिरकी फळी ठोकून घेतली, नखं रुतावीत म्हणून तिला सुंभ गुंडाळला, आणि कौलांखालच्या झरोक्यातून मनी थेट माळ्यावर. आता दोन मांजरांना तीन घमेली, एकाच कोपऱ्यात नव्हे तर तीन ठिकाणी. मनी आजवर बाहेरच जायची, पण पावसात अंगण चिखलाचं, लाकडांच्या खोपीतली कोरडी जागा एवढीशी, आणि तीही सोन्यानं धरलेली. गादीचं उत्तर तिथेच होतं.

काही दिवसांनी सुजाताताईंनी व्हिडिओ पाठवला. माजघराच्या उंबऱ्यावर मनी थांबली आहे, कान दोन्ही बाजूंना पडलेले. सोन्या जिन्याखाली. मनी त्याच्याकडे बघते, मग मुद्दाम मान वळवून देवखोलीकडे बघते. तोही पंजा चाटायला लागतो. तिचे कान सरळ होतात आणि ती भिंतीच्या कडेकडेनं जिना चढून जाते. मागे सासूबाई कुजबुजतायत, "गेली गो, गेली!" मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला विचारू नका.

रत्नागिरीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवाले लगेच म्हणतात, आमच्याकडे माळा नाही. कपाटाचा माथा आहे ना? खिडकीखाली टेबल आहे? मांजराला चौरस फूट मोजता येत नाहीत, तिला उंची आणि सुटायची वाट लागते. कोपऱ्यात कोंडेल अशी बसायची जागा तेवढी ठेवू नका. पाचेक महिन्यांचा झाला की बोक्याचं ऑपरेशन डॉक्टरांना विचारून उरकून घ्या, नाहीतर भिंतींवर फवारे सुरू होतात. जुन्या मांजरानं चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर वाट न बघता डॉक्टर गाठा. जाड्या मांजराचं यकृत उपासानं लवकर बिघडतं. आणि भांडण जुंपलं तर हात मध्ये घालू नका, मध्ये उशी किंवा सूप धरा. फिसकारली म्हणून ओरडू तर मुळीच नका. ती कुरबुर तिला करू द्या.

"पण दोघं एकमेकांजवळ झोपणार कधी?" सुजाताताईंनी विचारलंच.

"झोपतील किंवा नाही झोपणार. तुमची आणि तुमच्या जावेची एक खोली आहे का?"

त्या हसल्या. चतुर्थीच्या आधी त्यांचा पुन्हा फोन आला. मुंबईहून दीर, जाऊ, मुलं येणार, सामान नेहमीसारखं माळ्यावर टाकायचं ठरत होतं. सासूबाईंनी थोरल्या मुलाला फोनवरच सांगून टाकलं, यंदा बॅगा पडवीत राहतील, आणि त्याही फळीला टेकवून ठेवायच्या नाहीत.