लाल शाईची वही

‘पौंड असाच पडत राहिला तर आमचं कसं व्हायचं?’

उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहरात मी काही वर्षं समुपदेशन केलं. यजमानांची बदली तिकडे झाली होती. निवृत्तीनंतर तिथे स्थायिक झालेले ब्रिटिश लोक बरेच यायचे, आणि २०१६ मध्ये ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, पौंड घसरला, तेव्हापासून जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी हाच प्रश्न असायचा. परवा पुण्यात एका बाईंनी तो पुन्हा विचारला. त्यांचे वडील इंग्लंडात नोकरी करून परतलेले, पेन्शन पौंडात येतं. म्हणून आज लिहायला बसले.

ही काळजी उगाचची नव्हे, हे आधी सांगते. ब्रिटनचं सरकारी पेन्शन दरवर्षी वाढतं, पण थायलंडमध्ये राहणाऱ्याचं नाही. त्याचा आकडा गोठलेलाच राहतो. स्पेनमध्ये राहिलात तर वाढतं, अमेरिकेत वाढतं. थायलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि आपल्या भारतातही वाढत नाही. २००७ साली मूळ पेन्शन आठवड्याला ८७.३० पौंड होतं. २०१९ मध्ये मायदेशी राहणाऱ्याला १२९.२० मिळत होते, २००७ ला थायलंडला आलेल्याला तेच ८७.३०. शिवाय २००७ मध्ये पौंडाला सत्तरच्या आसपास बाथ (थायलंडचं चलन) यायचे, ते ऑगस्ट २०१९ मध्ये ३८ च्याही खाली आले. आणि एक बघा. २२ मे २०१४ ला खुद्द थायलंडमध्ये लष्करानं सत्ता हातात घेतली, रात्रीची संचारबंदी लागली, तेव्हा या मंडळींपैकी कुणीही घाबरून माझ्याकडे आलं नव्हतं. झोप उडवली ती हजारो किलोमीटरवरच्या लंडनमधल्या गोंधळानं.

त्यातले एक गृहस्थ मला विसरता येत नाहीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) डर्बीच्या रेल्वे कारखान्यात आयुष्यभर फिटर. पत्नी गेल्यावर २००७ मध्ये, पासष्टाव्या वर्षी थायलंडला आले. मी त्यांना मनातल्या मनात फिटरकाकाच म्हणायचे. सरकारी आणि कारखान्याचं मिळून महिना हजारेक पौंड. आले तेव्हा त्याचे सत्तर हजार बाथ व्हायचे, माझ्याकडे आले तेव्हा जेमतेम एकोणचाळीस हजार. निवृत्तांच्या व्हिसासाठी महिना ६५ हजारांचं उत्पन्न दाखवावं लागतं, नाहीतर बँकेत ८ लाख बाथ, किंवा दोन्ही मिळून वर्षाला ८ लाख. उत्पन्नाचा दाखला पूर्वी ब्रिटिश वकिलात द्यायची. जानेवारी २०१९ पासून तेही बंद झालं. व्हिसाची तारीख अडीच महिन्यांवर आली होती आणि काका बँकेची पायरी चढायला तयार नव्हते.

त्यांच्या खिशात एक छोटी वही असायची. रोज सकाळी पौंडाचा भाव त्यात लिहायचा, पडला असेल तर लाल शाईनं. पानंच्या पानं लाल झाली होती.

पहिल्या काही भेटी आकड्यांतच गेल्या. मी खर्चाचा हिशेब मांडायला सांगायचे, ते वही पुढे करायचे. सहाव्या की सातव्या भेटीत मी ती हातात घेऊन पहिलं पान उघडलं. तारीख होती २४ जून २०१६. म्हणजे युरोपीय संघाबद्दलच्या त्या कौलाच्या मतमोजणीचा दिवस.

मी विचारलं, “पौंड २००८ मध्येही कोसळला होता ना? पासष्टवरून पन्नासवर. तेव्हा वही नाही केलीत?”

काका गप्प. कितीतरी वेळ पंख्याचाच आवाज.

मग म्हणाले, “ते बँकांनी केलं होतं. हे मी केलं.”

युरोपीय संघातून बाहेर पडायच्या बाजूनं त्यांनी मत दिलं होतं. परदेशातून मत द्यायचं तर प्रतिनिधी नेमता येतो. त्यांनी डर्बीतल्या मुलीला नेमलं होतं. मुलगी अगदी उलट मताची. तरी तिनं वडिलांचं मत त्यांनी सांगितलं तसंच टाकलं. त्यानंतर रविवारच्या फोनवर हवापाण्यापलीकडे बोलणं गेलं नाही.

मी समजूत घालायला गेले, “१ कोटी ७४ लाख मतं त्या बाजूला पडली. त्यातलं तुमचं एक.”

“पण ते माझ्या पोरीनं टाकलं,” ते म्हणाले.

तेव्हा मला उमगलं, आणि आजही त्या क्षणाचं मला समाधान वाटतं. मुलीनं एका शब्दानं दोष दिला नव्हता. काकाच रोज सकाळी लाल शाईनं स्वतःला शिक्षा देत होते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेनं जाणारी आहे. मत बरोबर की चूक, हे ठरवणं माझं काम नव्हतं. ‘माझा निर्णय महागात पडला’ आणि ‘मी नालायक बाप आहे’ ही दोन वाक्यं मी कागदावर एकाखाली एक लिहिली आणि विचारलं, पहिल्यातून दुसरं कसं निघालं ते दाखवा. त्यांना दाखवता येईना. पुढच्या भेटीतही येईना. तिथून गाठ सुटायला लागली.

पुण्याच्या बाईंनाही मी हेच सांगितलं. वडील भाव किती वेळा बघतात ते मोजू नका, कधीपासून बघायला लागले ते विचारा. बहुतेक वेळा त्या तारखेला घरात दुसरंच काहीतरी घडलेलं असतं. पैशांची काळजी मात्र पैशांच्याच भाषेत सोडवावी. आजच्या भावापेक्षा चार-पाच रुपये कमी धरून महिना बसवा, आणि भाव फक्त पेन्शन जमा होईल त्या दिवशी बघा. आपल्याकडे हे गोठणं पटकन लक्षात येत नाही, कारण २००७ चा ऐंशी रुपयांचा पौंड आता शंभरावर गेला आहे. पण भाजी, औषधं, कामवाल्या मावशींचा पगार त्याहून जास्त वाढलाय, तेव्हा जुना हिशेब पुन्हा मांडाच. आणि कायमचं इंग्लंडला परतल्यास पेन्शन चालू दरानं सुरू होतं, हेही त्यांना माहीत असू द्या. जायचं नसलं तरी दार उघडं आहे हे कळल्यावर माणूस शांतपणे विचार करतो.

काकांनी त्या रविवारी मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “डॅड, त्याच दिवशी मी माझंही मत टाकलं की. आपली दोघांची मतं एकमेकांत फिटली.”

पुढच्या भेटीला त्यांनी वही आणली नाही. बँकेचं पासबुक आणलं होतं, आणि व्हिसासाठी किती कमी पडतंय ते मांडायला एक कोरा कागद.